बकऱ्यांनी दाद दिली नाही

१

बक्शी का तालाबच्या फार्मवरून बकऱ्यांचं रक्त आलं, तपासलं गेलं, आणि त्यात काहीही सापडलं नाही. एरवी रक्तात काही न सापडणं ही आनंदाची बातमी असते. इथे तो गुन्हा होता.

१९९७च्या जूनमध्ये लखनौच्या एका सरकारी संशोधन संस्थेनं त्या बकऱ्यांना एका जीवघेण्या रोगावरची लस टोचली होती. अर्ध्या कळपाला डॉ. रस्तोगींची जुनी, तुरटीच्या क्षारात कालवलेली लस. अर्ध्याला डॉ. नंदकुमार सोहोनींच्या विभागाची नवी, डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत भरलेली. जुलैअखेर निकाल आले. रस्तोगींच्या बकऱ्यांनी रोगाशी लढायची सगळी तयारी केलेली होती. सोहोनींच्या बकऱ्यांना मात्र आपल्याला काही टोचलं होतं याचा पत्ताच नव्हता. हीच कणांची लस उंदरांना दिली तेव्हा ते तुरटीवाल्या उंदरांच्या फार पुढे निघून गेले होते, आणि त्या उंदरांच्या जोरावर संस्थेनं दिल्लीला बराच मोठा शब्द देऊन ठेवला होता.

उंदीर खरे की बकऱ्या खऱ्या, हे ठरेना तेव्हा संस्थेनं माणसांवर संशय घ्यायला सुरुवात केली. कण बनवणारी आणि उंदरांवर प्रयोग करणारी एकच होती: अश्लेषा निंबाळकर, सोहोनींची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. उंदरांचे आकडे तिनं घरी बसून तयार केले असणार, असं कॅन्टीनचं मत पडलं. कॅन्टीनचं मत आणि कॅन्टीनचा चहा संचालकांच्या खोलीत एकाच ट्रेमधून जात असत.

संचालक डॉ. निगम यांनी चौकशी समिती नेमली. त्यात ते स्वतः, डॉ. रस्तोगी, आणि नियमाप्रमाणे संस्थेबाहेरची एक व्यक्ती. ही व्यक्ती अशी हवी होती की जिला विषय अजिबात कळत नाही, म्हणजे काम लवकर उरकेल. या पात्रतेवर विजया पानसे यांची निवड झाली.

विजयाबाई सरकारी विमा कंपनीत सर्वेअर होत्या. बुडालेला, जळालेला, कुजलेला माल खरोखरच बुडाला, जळाला, कुजला आहे का हे पाहण्याचं त्यांचं काम. नवरा धनंजय बँकेत. तो लोकांवर विश्वास ठेवून कर्ज देई, या न ठेवून पगार घेत. तेलीबागमधलं घर दोन्हींवर चालत होतं. संस्थेचं पत्र आलं त्यात विषय लिहिला होता, ‘नाना पार्टिकल प्रकरण’. हे नाना कोण, महाराष्ट्र मंडळातले तर नव्हेत, असं त्यांनी धनंजयला विचारलं. दुसऱ्या दिवशी उलगडा झाला की शब्द नॅनो असा होता, पण टायपिस्टच्या पिढीला नाना ठाऊक होते, नॅनो नव्हते.

निगम यांनी त्यांचं स्वागत केलं, विषय फार तांत्रिक असल्याबद्दल सहानुभूती दाखवली आणि सोमवारी सही करायला येण्याची विनंती केली. सही कशावर, असं विचारल्यावर त्यांनी टाइप केलेला अहवाल पुढे सरकवला. चौकशी अजून सुरू व्हायची होती. अहवालात अश्लेषा निंबाळकर हिला संस्थेतून काढून टाकलेलं होतं.

२

सोहोनी मूळचे सांगलीचे. लखनौत त्यांचे केस पिकले होते, पण त्यांचं हिंदी अजून सांगलीतून निघालंच नव्हतं. एकदा भर बैठकीत त्यांनी रस्तोगींना ‘मुझे आपका बहुत राग आता है’ असं सुनावलं होतं, आणि रस्तोगींनी अत्यंत अदबीनं विचारलं होतं, ‘कौन-सा? यमन?’ तेव्हापासून दोघांचं बोलणं लेखी चाले.

मंडळाच्या ओळखीनं सोहोनी विजयाबाईंना वहिनी म्हणत. आपला संशय त्यांनी दार लावून सांगितला. कण उत्तम होते. उंदीर उत्तम होते. म्हणजे बाटल्या बदलल्या गेल्या. कुणी? ज्याची तुरटी जुनी होत चालली आहे त्यानं. रस्तोगींची लस त्यांच्या स्वतःच्या फ्रीजमध्ये राहिली आणि सोहोनींची सामायिक कोल्डरूममध्ये, याकडे त्यांनी दोनदा लक्ष वेधलं. लस शनिवारी दुपारी कोल्डरूममध्ये गेली आणि सोमवारी सकाळी फार्मवर. मधल्या वेळात काय घडलं ते पाहायला ते स्वतः तिथे नव्हते.

‘मी दिल्लीत होतो, मीटिंगला. तरी हयगय नको म्हणून तिथून स्टोअरला फोन केला. अवस्थीला म्हटलं, लशीचं आजच्या आज जमवून टाका. बर्फाची पेटी, जीप, सगळंच बघायचं होतं ना. संध्याकाळी परत फोन करून विचारलं, तर म्हणाला, जमलं. मग मी निवांत झालो. इतकं करूनही हे असं.’

विजयाबाईंनी विचारलं की मग अश्लेषावर त्यांचा संशय नाही, असं समजायचं का. सोहोनींनी चष्मा काढून पुसला. मुलगी हुशार आहे, म्हणाले. मग चष्मा परत लावला आणि म्हणाले, फारच हुशार आहे.

‘सोमवारी तुम्ही तिच्या बाजूनं बोलणार?’

‘वहिनी, मी तिचा गाईड आहे. जामीन नाही.’

३

अश्लेषाचे वडील हवाई दलात, बक्शी का तालाबच्या तळावर. मूळ गाव फलटण. तिनं ते सुट्टीत पाहिलं होतं. तिला मराठी सगळं कळे आणि ती उत्तर हिंदीत देई. तिची आई गेली कित्येक वर्षं तिच्याकडून एक मराठी वाक्य काढायच्या प्रयत्नात होती.

विजयाबाईंनी आधीच सांगून टाकलं की मला काही कळत नाही, त्यामुळे नीट सांग. अश्लेषानं वहीतलं पान न फाडता, बोटांनी हवेत आकृत्या काढत सांगितलं. रोगजंतूचा एक निरुपद्रवी तुकडा शरीरात नुसता सोडला तर शरीर त्याच्याकडे बघतही नाही. लखनौमध्ये ओळखीशिवाय ऑफिसात गेलेल्या माणसासारखं. म्हणून तो तुकडा कणात भरायचा. कण कसले, तर ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके घालतात त्या पदार्थाचे. कणाचा आकार जंतूएवढा किंवा त्याहून लहान ठेवला की शरीराचे पहारेकरी फसतात, त्याला गिळतात आणि सगळीकडे बोंब मारतात. शिवाय कण हळूहळू विरघळतो, त्यामुळे एकदा टोचूनही पुन्हा पुन्हा टोचल्यासारखं होतं.

‘साइज़ ही सब कुछ है, आंटी,’ ती म्हणाली. ‘छोटा कौर हो तो पहरेदार निगल लेगा. बड़ा हुआ तो मुँह फेर लेगा.’

बकऱ्यांना टोचताना ती फार्मवर नव्हती. जिनं लस बनवली तिनं बकऱ्यांजवळ फिरकायचं नाही, निकालावर सावली पडते, असा सोहोनींचाच नियम होता. निकाल आल्यावर उरलेल्या बाटल्या रस्तोगींनी लाखेनं सील केल्या. तिला त्या पाहूही दिल्या नाहीत, कारण आता ती आरोपी होती. बाटल्या बदलल्याचा संशय कुणावर आहे, असं विचारल्यावर तिनं खिडकीबाहेर रस्तोगींच्या गाडीकडे पाहिलं.

कोल्डरूम स्टोअरच्या ताब्यात होती आणि स्टोअर हरिहर अवस्थींच्या. अवस्थी वसंत ऋतूतच दूध डेअरीतून इथे बदलून आलेले. गोल, गोरे, इतके अदबशीर की त्यांच्यासमोर संशय घेणंही असभ्य वाटावं. त्यांनी विजयाबाईंना आधी बसवलं, मग पाणी दिलं, मग डेअरीतल्या आपल्या कुल्फीची आठवण सांगितली. तिला गव्हर्नर हाउसहून मागणी येत असे. फ्रीज बंद पडला होता का, हा प्रश्न आजवर त्यांना इतक्यांनी विचारला होता की उत्तर पाठ झालं होतं. जूनच्या उकाड्यात वीज जायची, पण जनरेटर होता. फ्रीज एक मिनिटही बंद नव्हता. बाहेरच्या कुणी बाटल्यांना हात लावला नाही.

‘जो सर का हुकुम था, हमने वही किया, मैडम. न कम, न ज़्यादा.’

कोल्डरूमला कुलूप होतं. एक किल्ली अवस्थींकडे आणि दुसरी संचालकांकडे, असं ते म्हणाले. आत एका बाजूला फ्रीज होते, एका बाजूला फ्रीझर, आणि सगळं इतकं स्वच्छ की विजयाबाईंना पाहायला काही उरलं नाही. मालाच्या गोदामात गेल्यावर त्या नेहमी खाली वाकून बघत. तशा वाकल्या. अश्लेषाची लस जिथे ठेवली होती त्या फ्रीजखाली सुक्या गवताच्या चार काड्या अडकून पडल्या होत्या.

बकऱ्या इथून तासाभराच्या अंतरावर होत्या. त्यांचं गवत कोल्डरूममध्ये आलं कसं?

४

फार्म सांभाळत होते कॅप्टन विश्वजित घाटगे. सैन्यातले पशुवैद्य, निवृत्तीनंतर बकऱ्यांची पलटण घेऊन बसलेले. कळप उभा राही तोही रांगेत. विजयाबाईंनी रुमालातून काड्या काढून पुढे धरल्या. आपल्यावर संशय आहे हे ओळखून घाटगे आधी ताठ झाले, मग त्यांनी एक काडी उचलून बकरीच्या तोंडाशी नेली. बकरीनं तोंड फिरवलं.

‘मॅडम, माझ्या बकऱ्या बरसीमचा चारा खातात. हा पेंढा आहे. पेटीत घालतात तो.’

पेटी कसली, हे त्यांना सांगता येईना. लस टोचण्याचा विषय निघताच मात्र ते भडकले. जीपमधून पेटी आली, त्यात बर्फाच्या पिशव्या होत्या, बाटल्या गार होत्या, सगळं शिस्तीत. पण बाटलीतली लस काही शिस्तीत नव्हती. सुई तुंबत होती. दर दोन-तीन बकऱ्यांनंतर सुई बदलावी लागे, शेवटी त्यांनी जनावरांची जाड सुई लावली. सोहोनींना हे कळवलं का, असं विचारल्यावर म्हणाले, शास्त्रज्ञ जे पाठवतात ते टोचायचं एवढंच आपलं काम, सूप पाठवलं असतं तरी टोचलं असतं.

त्यांनी एक बकरी धरून तिच्या मानेवर विजयाबाईंचं बोट ठेवलं. कातडीखाली हरभऱ्याएवढी गाठ होती. नव्या लशीच्या जवळजवळ सगळ्या बकऱ्यांना ती होती. जुन्या लशीच्या क्वचितच एखादीला.

गाठ चाचपताना विजयाबाईंच्या डोक्यातून एक संशयित कमी झाला. बाटल्या बदलून पाणी भरलं असतं तर सुई तुंबली नसती आणि गाठही आली नसती. जे टोचलं ते अश्लेषाचंच होतं. फक्त त्याचं काहीतरी झालेलं होतं.

निघताना घाटगेंनी आणखी एक तक्रार सांगितली. एक बाटली फुटलेली निघाली, वाया गेली. रस्ते असे, जीप अशी. कशी फुटली होती, असं विजयाबाईंनी विचारलं. घाटगेंनी दोन्ही हातांनी बाटली दाखवली: मान शाबूत, झाकण शाबूत, तळ मात्र निघून आलेला.

‘खाली आपटली?’

‘आपटली असती तर काच आत गेली असती ना. ही बाहेर आली होती.’

५

पेंढ्याच्या पेटीत लखनौत जूनमध्ये काय येतं, हे विजयाबाईंना परतीच्या वाटेवर मलिहाबादची पाटी दिसेपर्यंत सुचलं नाही याचं त्यांना वाईट वाटलं. संस्थेत पोचताच मलिहाबादशी कुणाचं नातं आहे हे कॅन्टीनमध्ये विचारून त्या थेट रस्तोगींच्या खोलीत गेल्या आणि पेंढ्याच्या काड्या त्यांच्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, ‘दशहरी?’

रस्तोगींच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते खुनाच्या आरोपानंही उमटलं नसतं. त्यांच्या सासऱ्यांची मलिहाबादला दशहरी आंब्यांची बाग होती. आंबे एकदम पिकतात, घरचा फ्रीज लहान, आणि संस्थेची कोल्डरूम म्हणजे काय वर्णावी. तिथे खायची वस्तू ठेवायला सक्त मनाई होती. मनाईच्या आदेशावर सही रस्तोगींची होती. संचालकांची किल्ली ते अधूनमधून मागून घेत आणि बदल्यात संचालकांच्या घरी एक पेटी जाई.

आता अर्ध्याहून जास्त समिती आंब्यात सापडली होती. विजयाबाईंनी ते बाजूला ठेवलं आणि विचारलं की त्या शनिवारी ते कधी आत गेले. संध्याकाळी, असं उत्तर आलं. रस्तोगी पुढे जे सांगणार होते ते महिन्याभरापूर्वीच सांगायला हवं होतं, पण सांगितलं असतं तर स्वतः तिथे काय करत होते हेही सांगावं लागलं असतं.

‘उस लड़की के डिब्बे फ्रिज में थे ही नहीं, पानसेजी. पूरा खाना खाली था. मैंने सोचा, ले गई होगी.’

त्यांच्या मते हा पुरावा होता. लस तिनं शनिवारी बाहेर नेली, उकाड्यात ठेवली, नासली, सोमवारी गुपचूप परत आणली. विजयाबाईंनी अश्लेषाला गाठलं. ती त्या संध्याकाळी वडिलांच्या तळावर निरोपसमारंभात होती, आणि तळाच्या फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद होते. बाटल्या रिकाम्या खणातून कुठे गेल्या हे तिला माहीत नव्हतं. एवढे दिवस ती बाटल्या बदलल्याचा संशय धरून उभी होती. आता बाटल्या तिच्याच होत्या, आणि दोन रात्रींसाठी कुणीतरी त्यांना पळवलं होतं.

‘सोमवार को सब यही कहेंगे ना, कि मैं ले गई?’

विजयाबाई खोटं बोलत नसत. त्या म्हणाल्या, हो.

६

शनिवारी विजयाबाईंनी समितीची सदस्य म्हणून सील तोडलं. रस्तोगी लाख तुटताना दुसरीकडे बघत होते. बाटलीत वर स्वच्छ पाणी आणि तळाशी फाटलेल्या दुधासारखा साका. हलवली तर क्षणभर दाणे फिरले आणि पुन्हा खाली बसले.

अश्लेषानं पहिल्यांदाच ती बाटली पाहिली. तिनं सांगितलं की तिची लस पातळ ताकासारखी असते, दिवसभर ठेवली तरी बसत नाही. याच घाण्यातली एक बाटली कणांचा आकार मोजायला भौतिकशास्त्राच्या लोकांकडे दिली होती, ती त्यांच्या फ्रीजमध्ये अजून असेल. ती आणली. ती खरोखर ताकासारखी होती. तिच्यात गैर काहीच नव्हतं, म्हणजे अश्लेषाच्या कामातही नव्हतं.

आता प्रश्न एवढाच होता की ताकाचं फाटलेलं दूध कशानं झालं. संस्थेत जो तो उकाड्याबद्दल बोलत होता. लस म्हटली की उष्णता, लखनौ म्हटलं की जून, आणि फ्रीज म्हटला की बंद. कुणी वेगळं काही विचारलंच नव्हतं. पण विजयाबाईंना काच आठवत होती. उकाड्यानं बाटलीचा तळ असा निघत नाही. तळ बाहेर ढकलला जातो तो आतलं पाणी फुगलं तर, आणि पाणी फुगतं एकाच कारणानं. शिवाय गेल्याच वर्षी त्यांनी आइस्क्रीमच्या एका गोदामाचा दावा तपासला होता. गोठून, वितळून, पुन्हा गोठलेल्या आइस्क्रीमचे दाणे त्यांच्या दातांना अजून लक्षात होते.

त्यांनी चांगल्या बाटलीतली अर्धी लस दुसऱ्या बाटलीत ओतून अश्लेषाच्या हातानं फ्रीझरमध्ये ठेवली. रविवारी दुपारी काढली आणि वितळू दिली. दोघी स्टुलांवर बसून बघत होत्या. वर स्वच्छ पाणी, खाली साका. बर्फ होताना कण एकमेकांवर रेटले गेले होते आणि वितळताना कुणी कुणाला सोडलं नव्हतं. ते ढेकूळ बकरीच्या मानेत जिथे टोचलं तिथेच पडून राहिलं. पहारेकऱ्यांनी तोंड फिरवलं. सुई तुंबली, गाठ आली, रक्त कोरं राहिलं.

अश्लेषा पुटपुटली की हे करणाऱ्याला सगळं माहीत असणार, कारण लस नासवायचा याहून सभ्य मार्ग नाही. तिचा संशय रस्तोगींवरून हलून सरळ आपल्या गाईडवर गेला होता, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढी विद्या इमारतीत त्यांच्याकडेच होती.

विजयाबाईंना फ्रीझर कुणाच्या ताब्यात आहे हे ठाऊक होतं. जाऊन विचारलं असतं तर अवस्थींनी तिथल्या तिथे सांगितलं असतं. पण त्यांनी विचारलं नाही. एकांतात दिलेल्या उत्तराला सोमवारपर्यंत पाय फुटतात, हा त्यांच्या नोकरीचा अनुभव होता.

७

सोमवारी समिती बसली. निगम यांनी पेनाचं टोपण काढूनच सुरुवात केली. विजयाबाईंनी टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या, एक ताक आणि एक फाटलेलं दूध, आणि दोन वाक्यांत सांगितलं की दोन्ही एकच आहेत, दुसरी फक्त गोठवलेली. आंब्यांचा उल्लेख त्या करणार का, याकडे रस्तोगी आणि निगम दोघांचं लक्ष असल्यामुळे त्यांना कुणी अडवलं नाही.

मग त्यांनी अवस्थींना बोलावलं. त्यांना सोहोनींच्या समोर बसवलं आणि सोहोनींना एक विनंती केली. दिल्लीहून केलेला तो फोन त्यांनी पुन्हा करावा. मराठीत काय सांगितलं ते कळलं आहे. हिंदीत जे शब्द वापरले तेच हवेत.

सोहोनींना हा पोरकटपणा वाटला, पण त्यांनी घसा साफ केला.

‘अवस्थीजी, वो टीके का आज के आज जमा दो.’

रस्तोगींनी मान वर केली. त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

विजयाबाईंनी अवस्थींना विचारलं, फोनवर हेच ऐकलं का. जवळजवळ हेच, ते म्हणाले. लाइनमध्ये खरखर होती, एखादा शब्द निसटला असेल. ‘वो टीके आज के आज जमा दो’, एवढं स्वच्छ ऐकू आलं.

‘मग तुम्ही काय केलं?’

‘जमा दिए,’ अवस्थी म्हणाले. ‘फ्रीज़र में. सोमवार तड़के निकालकर पिघलाए और बर्फ़ की पेटी में भेज दिए. डिब्बे पर तो दो से आठ डिग्री लिखा था, हमें थोड़ा अजीब लगा. लेकिन लिखा हुआ किसी का भी हो सकता है, फ़ोन तो साहब का था.’

‘आणि संध्याकाळी?’

संध्याकाळी सोहोनींनी काय विचारलं हे आता कुणालाच ऐकायचं नव्हतं, सोहोनींना तर नव्हतंच. पण विजयाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, ‘जम गया क्या?’

‘और हमने अर्ज़ किया,’ अवस्थी प्रसन्नपणे म्हणाले, ‘जी सर, बढ़िया जम गया. पत्थर हो गया है. सर बहुत ख़ुश हुए. बोले, शाबाश.’

दाराशी उभी असलेली अश्लेषा दोन्ही भाषा जाणणारी संस्थेतली एकटीच, आणि फोनच्या वेळी नेमकी तीच जागेवर नव्हती. तिनं तोंडावर हात धरला होता. ती हसते आहे की रडते आहे हे हाताआडून कळेना.

निगम यांनी परिस्थिती ओळखली आणि कागद उलटा केला. म्हणजे चूक स्टोअरची, ते म्हणाले. डब्यावर तापमान छापलेलं होतं. माणूस डेअरीतून आलेला, कायमही नाही. मुलीचं नाव खोडून अवस्थींचं घालता येईल, बाकी मजकूर तसाच चालेल. पानसेजींची हरकत नसावी.

अवस्थींच्या चेहऱ्यावरची अदब तशीच होती, फक्त तिच्या मागचा माणूस नाहीसा झाला. पुन्हा डेअरी, आणि तीही डाग लागून.

विजयाबाईंनी हरकत घेतली नाही. त्या फक्त सोहोनींकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, ‘डॉक्टर, जामीन नको. गाईड म्हणून तरी बोला.’

सोहोनींनी चष्मा काढला. पुसला नाही. तसाच टेबलावर ठेवला. गेला महिनाभर त्यांनी रस्तोगींचा, बाटल्यांचा, फ्रीजचा आणि स्वतःच्या विद्यार्थिनीचा संशय घेतला होता. स्वतःच्या क्रियापदाचा घ्यायचा राहिला होता.

‘लिख लीजिए,’ ते निगमना म्हणाले. ‘हुकुम मेरा था. भाषा भी मेरी ही थी.’ मग म्हणाले, ‘लड़की के चूहे सच्चे हैं.’

त्या यमननंतर रस्तोगींनी पहिल्यांदाच त्यांच्याशी तोंडी बोलून विचारलं, राग आला तर नाही ना. सोहोनी म्हणाले, आला, पण कुठला ते विचारू नका.

अहवाल पुन्हा टाइप झाला. त्यात दोष कुणाचाच नव्हता, त्यामुळे तो तीन प्रतींत पाठवावा लागला. पाठोपाठ एक परिपत्रक निघालं की यापुढे शीतगृहाला तोंडी सूचना देताना मराठी भाषकांनी इंग्रजी वापरावं. टायपिस्टनं विषयात लिहिलं, ‘नाना पार्टिकल प्रकरण समाप्त’.

८

नवा कळप, नवा घाणा. या वेळी डब्यांवर तापमानाखाली अश्लेषानं लाल शाईनं बर्फाचं चित्र काढून त्यावर काट मारली होती, आणि अवस्थी फ्रीजला स्वतःच्या हातानं कुलूप लावत होते. घाटगेंची बारीक सुई शेवटपर्यंत चालली. हिवाळ्यात बकऱ्यांचं रक्त आलं. सोहोनी त्या दिवशीही दिल्लीत होते. संस्थेच्या लोकांना महत्त्वाच्या दिवशी दिल्लीत असण्याची सवयच असते.

दुपारी प्रयोगशाळेतला फोन वाजला. अश्लेषानं उचलला. तिच्यासमोर तपासणीच्या ताटल्या मांडलेल्या होत्या आणि नव्या लशीच्या रांगेतले खळगे एकजात गडद पिवळे झाले होते, तुरटीच्या रांगेपेक्षा कितीतरी गडद, म्हणजे बकऱ्यांची लढायची तयारीही तितकीच जास्त. लाइनमध्ये खरखर होती.

‘जमलं का?’ तिकडून सोहोनींनी विचारलं.

‘कौन-सी भाषा में, सर?’

‘मराठीत,’ ते म्हणाले.

अश्लेषानं पिवळ्या रांगेकडे पाहिलं.

‘जमलं,’ ती म्हणाली.